एक जूनची चाळणी

आमच्या दूध संघाच्या संगणकावर एक काम असं होतं, की ते रोज सकाळी सहाला सुरू व्हायचं, सहा वाजून दोन मिनिटांनी संपायचं, त्याच्यापुढे हिरवी खूण उमटायची आणि त्यातून एक ओळसुद्धा बाहेर पडायची नाही. त्याच्या पोटात कुणीतरी अट घालून ठेवली होती: एक बरोबर दोन असेल तरच पुढे जा. एक काही दोन झालं नाही. काम मात्र वर्षानुवर्षं यशस्वी होत राहिलं आणि त्याचा कोरा अहवाल एका अधिकाऱ्यांना मेलनं जात राहिला. ते न चुकता उत्तर पाठवायचे, 'पाहिले.'

हे मी रंगवून सांगतोय असं वाटेल. अजिबात नाही. संघाच्या संगणक खात्यात मी अकरा वर्षं नोकरी करतोय, आणि तिथं असताना यातलं काहीच विचित्र वाटत नाही. घरी येऊन बायकोला सांगायला लागलो की तिचा चेहरा बघून मला कळतं.

आमचा संघ जिल्ह्यातल्या मोठ्या, नावाजलेल्या संघांपैकी नव्हे. धाकटा. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला कचेरी, तीन मजले, लिफ्ट आहे पण तिच्यात फायली ठेवलेल्या आहेत. गावोगावच्या डेअऱ्यांत दूध मोजलं जातं, सभासदांची नोंद तिथल्या संगणकावर होते, आणि ती सगळी माहिती आमच्याकडे येते. ती गोळा करायला, साफ करायला आणि एका जागी ओतायला एक सॉफ्टवेअर आहे. त्यात शेकडो कामं रचून ठेवलेली. प्रत्येक काम म्हणजे एक पाइप समजा: एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला संघ, आणि मधे कुठंतरी चाळणी. चाळणी म्हणजे एसक्यूएलमध्ये लिहिलेली अट. अमुक असेल तर आत घे, तमुक असेल तर टाकून दे. टाकलेलं कुठं जातं असं मला एकदा आबांनी विचारलं होतं. आबा म्हणजे माझे वडील. मी म्हटलं, कुठं जात नाही, नुसतं येत नाही. ते म्हणाले, "म्हंजे राजकारणासारखंच की."

आता आबांचंच आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच आहे.

आमचं गाव मुरगूडकडचं. गावच्या डेअरीचे सेक्रेटरी आणि आबा हे एका वयाचे, एका गल्लीतले. दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं, एकाच पोत्यावर बसवलं. गुरुजींनी दोघांची जन्मतारीख एकच लिहिली, एक जून. त्या काळी गुरुजी सगळ्यांना एक जूनच द्यायचे. आईबापांना विचारावं तर 'लई पाऊस लागलाता तवा' एवढंच उत्तर यायचं, आणि शाळा तर जूनमध्ये सुरू व्हायची. सेक्रेटरीकाकांनी पुढे डेअरीची नोकरी धरताना प्रतिज्ञापत्र करून आपली तारीख दुरुस्त करून घेतली. त्यांच्या आईला नागपंचमीचा झोपाळा आठवत होता, त्यावरून ऑगस्ट निघाला. आबांनी काही दुरुस्त केलं नाही. म्हशीला तारीख लागत नाही आणि मला पण लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पंचाहत्तर वर्षं पुरी केलेल्या, पण अजून सत्कार न झालेल्या सभासदांचा आमचा संघ वार्षिक सभेत सत्कार करतो. शाल, नारळ आणि फेटा. यादी संगणक काढतो, जन्मतारखेवरून. तीन वर्षांपूर्वी यादी आली. काकांचं नाव होतं, आबांचं नव्हतं. आबांनी पुढच्या वर्षापर्यंत वाट बघितली, कदाचित मागं राहिलं असेल म्हणून. पुढच्या वर्षीही नाव नव्हतं. आता गावात यादी कुणाच्या हातात येते? सेक्रेटरीच्या. म्हणजे नाव कुणी खाल्लं? आमच्याकडे कुठल्याही गोष्टीमागं राजकारण निघतंच, आणि इथं तर राजकारण करणारा माणूस डोक्याला फेटा बांधून समोर बसलेला होता.

आबांनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

पण दूध तर रोज दोन वेळा घालायचं. मग आबा यंत्राशी बोलायला लागले. फॅट मोजायचं यंत्र टेबलावर, त्याच्यामागं काका. आबा किटली ठेवून यंत्राकडे बघत विचारायचे, "काय यंत्रा, आज किती लागली?"

काका किटलीकडे बघून सांगायचे, "किटलीबाई, सात पॉइंट दोन लागलीया. मालकाला म्हणावं, पेंड बदलू नको."

"यंत्रा, पेंड कुठली घालायची ते कळतंय मला."

"किटलीबाई, कळतंय तर मग गेल्या आठवड्यात का उतरलीती?"

मागं रांगेत माणसं निमूट उभी असायची. गावाला सवय झाली. नव्यानं लग्न होऊन आलेली एक सून तर दोन दिवस बघून तिसऱ्या दिवशी स्वतःच यंत्राला विचारायला लागली, तिला वाटलं इथली रीतच ती. आई मला हे सगळं फोनवर हसत हसत सांगायची आणि शेवटी हसू थांबवून म्हणायची, "पर त्येंचं जेवान कमी झालंय रं." पूर्वी संध्याकाळचं दूध घालून झालं की आबा आणि काका डेअरीच्या कट्ट्यावर तासभर बसायचे. काय बोलायचे देव जाणे. आता आबा सरळ घरी यायचे आणि म्हशीपाशी बसायचे.

मी शनिवारी गावी गेलो की आबांना समजवायचो. यादी इकडून नव्हे, आमच्याकडून जाते. काकांचा हात त्यात नाही. ते म्हणायचे, "तुझ्याकडनं जाती, तर तूच खाल्लंस व्हय नाव माझं?" मी हसायचो. तेही हसायचे. अशी ती चेष्टा दोन वर्षं चालली, यादी उघडून बघायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

त्यात यंदा काकांनी जाहीर केलं की वार्षिक सभा झाली की आपण सेक्रेटरीपण सोडणार. डोळ्यांना दिसेना झालंय, आकडे वाचता येईनात. ते ऐकून आबा दोन दिवस यंत्राला काही न विचारताच दूध घालून परत आले. आई म्हणाली, आता काका डेअरीत येणार नाहीत म्हणजे ही दोघं दिवसातून दोनदा न बोलायला समोर यायची, तेही बंद. मला ते तेव्हा विनोदी वाटलं. गाडीवरून कोल्हापूरला परत येताना, निढोरीच्या पुढे कुठंतरी, एकदम वाईट वाटलं.

तर अशा वेळी संघानं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं. आणि प्रश्न निघाला, जुन्यात चाळण्या किती आहेत, कुठं आहेत, कुणी घातल्यात? कागद एकही नव्हता. बैठक झाली, बैठकीतून समिती झाली. आमच्या साहेबांनी, म्हणजे खातेप्रमुखांनी, फर्मान काढलं की प्रत्येक काम उघडून डोळ्यांनी बघा. एक काम उघडायला सात खिडक्या उघडाव्या लागायच्या. सातव्या खिडकीत उजवीकडे खाली बोटभर चौकट, त्या चौकटीत अट. समितीनं ठरवलं की दोन माणसं लावली तर दिवाळीपर्यंत होईल. कुठल्या वर्षीची दिवाळी, हे इतिवृत्तात नाही.

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे आबांकडून आलंय. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, हे सॉफ्टवेअर स्वतःची सगळी माहिती एका डेटाबेसात ठेवतं. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. कामं, खिडक्या, चौकटी, चौकटीतल्या अटी, सगळं त्या कोठारात ओळीनं लिहिलेलं आहे. आपण त्या कोठारालाच एक क्वेरी टाकून विचारू, ज्याच्या पोटात अट आहे ते प्रत्येक काम दाखव."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सॉफ्टवेअरला न सांगता त्याच्या आतलं बघायचं?"

"होय."

"चालतं काय असं?"

"आपलंच आहे ते, साहेब."

"आपलं असलं म्हणून काय झालं? लेखी परवानगी घे."

परवानगीला नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी अर्ज परत आला, कारण 'कोठार' म्हणजे पशुखाद्याचं गोदाम समजून तो त्या विभागाकडे गेला होता आणि त्यांनी 'साठा तपासणीस हरकत नाही' असा शेरा मारून पाठवला होता. साहेब म्हणाले, हरकत नाही असं लिहिलंय ना, मग झालं.

क्वेरीला चाळीस सेकंद लागले.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. पडद्यावर ओळी उतरत गेल्या: कामाचं नाव, अट, अट घालणाऱ्याचं लॉगिन, शेरा असलाच तर शेरा. मी आणि साहेब वाचत बसलो. एक बरोबर दोन तिथंच सापडलं. त्याखाली एक अट होती, की एका म्हशीचं एका वेळचं दूध वीस लिटरच्या वर असेल तर टाकून द्या. शेरा, 'म्हैस आहे का टँकर'. पुढे, फॅट बाराच्या वर असेल तर टाकून द्या, मात्र सभासद क्रमांक अमुक सोडून. शेरा, 'मेव्हणे'. कुणाचे ते लिहिलेलं नव्हतं. साहेब थोडे पुढे झुकले, क्रमांक बघितला, आणि पुढची ओळ वाचू या म्हणाले.

गारगोटीकडच्या एका गावाची संध्याकाळची सगळी माहिती सात वर्षं गाळली जात होती. शेरा होता, 'तात्पुरते, यात्रेपुरते'. सीमेकडच्या एका गावातली डेअरी भांडणातून फुटून तिच्या दोन डेअऱ्या झाल्या होत्या, आणि दोन्हींना एकच क्रमांक मिळाला होता. तिथं कुणीतरी अट घातली होती की सम तारखेला पहिलीची माहिती घ्या, विषम तारखेला दुसरीची. साहेब म्हणाले, "हे बरीक न्याय्य आहे." मी त्या दिवशी पोट धरून हसलो, साहेबही हसले, शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून बघायला आल्या. नोकरीतला इतका आनंदाचा दिवस मला आठवत नाही.

मग ती ओळ आली.

काम: सभासद ज्येष्ठ यादी. अट: जन्मतारीख एक जून असेल तर टाकून द्या. शेरा: 'बनावट तारीख'. लॉगिन माझं.

साहेब हसतच होते. "कुठल्या शहाण्यानं घातलीय ही?" असं म्हणून त्यांनी बोट लॉगिनच्या रकान्याकडे नेलं आणि मागं घेतलं. बाई जागेवर जाऊन बसल्या.

मला तो दिवस लख्ख आठवला. माझ्या नोकरीचा पहिला महिना. हे सॉफ्टवेअर बसवायला हैदराबादहून एक सल्लागार आले होते. एसी खोली, मोठा पडदा, सगळं इंग्रजीत. त्यांनी सभासदांच्या जन्मतारखा पडद्यावर आणल्या. एक जून, एक जून, एक जून, पानंच्या पानं. ते हसून म्हणाले, इतकी माणसं एकाच दिवशी जन्माला येतात का तुमच्याकडे? खोलीतले सगळे हसले. त्या खोलीत आम्ही नऊ जण होतो, नऊही जण खेड्यातले, आणि नऊ जणांच्या बापांची तारीख बहुतेक तीच असणार. मीही हसलो. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, तर मग ही काय भानगड?

मला माहीत होतं. गुरुजी तारीख द्यायचे, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते इंग्रजीत जुळवताना माझ्या डोळ्यापुढे पोत्यावर बसलेले आबा आले, आणि अंगावर नवा इस्त्रीचा शर्ट होता, पायात नवे बूट. मला लाज वाटली. मी म्हटलं, डिफॉल्ट व्हॅल्यू, सर. म्हणजे तारीख भरलीच नाही तर यंत्र आपणहून भरतं ती. ते म्हणाले, मग काढून टाका. दुपारी मी ती अट लिहिली. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी ते घरी फोन करून आबांना सांगितलं. आबांना भारी आनंद झाला होता.

अकरा वर्षं. दर सभेत सत्काराला चार-पाच म्हातारे स्टेजवर चढायचे, आणि अध्यक्ष दर वर्षी अभिमानानं सांगायचे की आपला संघ हा तरुणांचा संघ आहे.

साहेब म्हणाले, "होतं असं. काढून टाक." मी अट काढली. यादी पुन्हा चालवली. आदल्या दिवशी जी अर्ध्या पानात बसत होती, ती छपाई यंत्रातून बाहेर यायची थांबेना. एकविसाव्या पानावर कागद संपले.

आबांचं नाव चौदाव्या पानावर होतं.

शनिवारी दुपारीच मी गावी गेलो. घरी न जाता आधी डेअरीत गेलो. काका एकटेच होते, यंत्र फडक्यानं पुसत होते. डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "कोण पावणं? ...आरं तू व्हय. ये, बस. लवकर आलास."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चाळणी, एक जून, हैदराबादचे साहेब, इस्त्रीचा शर्टसुद्धा. काका फडकं हातात धरून ऐकत होते. त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ते उठले, कपाट उघडलं आणि पावत्यांच्या गठ्ठ्याखालून एक प्लॅस्टिकची फाइल काढली.

फाइलमध्ये तीन अर्ज होते. सदर सभासदांची पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली असून यादीत नाव नाही, तरी चौकशी व्हावी. खाली काकांची सही. प्रत्येक अर्जाला संघाचं उत्तर टाचलेलं: 'सभासदाची जन्मतारीख अवैध आढळल्याने विचार करता येत नाही.' हे वाक्य मीच बनवून ठेवलं होतं. असले अर्ज खूप यायचे. वरचा डेअरी क्रमांक आणि सभासद क्रमांक न वाचता मी एक कळ दाबायचो, वाक्य छापून यायचं, आणि मी खाली सही ठोकायचो.

"सही तुझीच हाय न्हवं?" काका म्हणाले. "शेवटाला शेपूट काढतोस. शाळेत असल्यापासनं बघतोय."

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या उत्तरालाच कळलं."

"मग परत दोनदा अर्ज कशाला केलात?"

"मला वाटलं, एकदा तरी नंबर बघशील. आपलं गाव हाय, आपला बा हाय, येवढं तरी कळंल."

मला आबांचा सभासद क्रमांक माहीत नव्हता. आत्ता माहीत आहे, एकशे बेचाळीस. तेव्हा नव्हता.

"मला फोन का केला नाहीत?"

"केल्ता की. म्हटलं, आपल्या एका सभासदाचं काम हाय. तू म्हणालास, काका, असं फोनवर न्हाई चालत, सिस्टिममधनं या. मग आलो सिस्टिममधनं."

मला ते संभाषण पुसटसं आठवलं. मी गाडीवर होतो, घाईत होतो. पुढचं ऐकलंच नव्हतं. मला रडू यायला लागलं. अडतीस वर्षांचा माणूस डेअरीत फॅटच्या यंत्रासमोर रडतोय, हे कुणी बघितलं असतं तर गावात आणखी दोन वर्षं पुरलं असतं. काकांनी यंत्र पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं. त्याला दुधाचा वास होता.

"आबांना सांगतो मी," मी म्हटलं.

"कशापायी? आता यादीत आलंय न्हवं? फेटा बांधतील, राग जाईल त्येचा."

"नाही. सांगणार."

"मग तुझं तू बघ," असं म्हणून काका जागेवर जाऊन बसले.

संध्याकाळी दूध घालायला माणसं यायला लागली. आबा आले, मला बघून भुवया उडवल्या, किटली टेबलावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे यंत्राकडे बघितलं. "काय यंत्रा, किती लागली?"

काकांच्या आधी मीच बोललो. रांगेत सातआठ जण होते, त्या सगळ्यांसमोर बोललो. त्या दिवशी हैदराबादच्या साहेबांसमोर जे सांगायला लाजलो होतो, ते इथं मोठ्यानं सांगितलं. आबा यंत्राकडे बघत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे माझी जन्मतारीख खोटी, असं तू लिवलंस?"

"होय, आबा."

"खोटी तर हायच की ती," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "माझीबी तीच हाय." "माझीबी," आणखी दोघंतिघं म्हणाले.

मी फाइल आबांपुढे धरली. त्यांना वाचता येतं. त्यांनी तिन्ही अर्ज वाचले, तिन्ही उत्तरं वाचली. मग दोन वर्षांत पहिल्यांदा यंत्रावरून नजर उचलून त्यामागच्या माणसाकडे बघितलं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"आणि माझ्या शिव्या खात बसलास? दोन वर्षं?"

"तू यंत्राला देत हुतास शिव्या. मला कुठं?"

"चेष्टा करू नगंस. बोलला का न्हाईस?"

काकांनी किटली उचलून दूध मापात ओतलं. ओतता ओतता म्हणाले, "सांगितलं असतं तर पोराशी बोलायचं बंद केलं असतंस. तुझा सोभाव मला म्हाईत न्हाई व्हय? माझ्याशी न बोलून तुझं निदान अर्धं जेवान तरी जात हुतं पोटात. पोराशी न बोलता काय खाल्लं असतंस?"

काकांनी यंत्राकडे वाकून बघितलं, आकडा दिसेना म्हणून आणखी वाकले. आबा टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, त्यांच्या खांद्यावरून आकडा वाचला आणि म्हणाले, "सात पॉइंट चार. लिव."

त्या संध्याकाळी ते दोघं कट्ट्यावर बसले. मी घरी आईपाशी बसलो होतो. आबा घरी आले, जेवले, दोन भाकरी खाल्ल्या, आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळीही नाही. काकांचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता.

वार्षिक सभा यंदा जशी झाली तशी पुन्हा होणार नाही. एकवीस पानांचे म्हातारे आले, नातवंडांसकट. नारळ पुरले, शाली कशाबशा पुरल्या, फेटे संपले. मग फेटेवाल्यानं तोड काढली: एकाला बांधायचा, फोटो काढायचा, सोडायचा, दुसऱ्याला बांधायचा. सत्कार संध्याकाळपर्यंत चालले, त्यामुळे विषयपत्रिकेवरचे भांडणाचे सगळे विषय वेळेअभावी मंजूर झाले. संचालक मंडळ इतकं खूश झालं की असेच सत्कार दर वर्षी व्हावेत असा ठराव झाला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की आपला संघ हा ज्येष्ठांचा संघ आहे, आणि सगळ्यांना एकत्रच वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, कारण तारीख एकच होती.

आबांचा फेटा सोडायला फेटेवाला आला तेव्हा आबांनी त्याचा हात धरला. "ह्यो ऱ्हाऊ दे." तो म्हणाला, पुढचे थांबलेत. "थांबू देत. मी बी थांबलोतो." काका शेजारी उभे होते, तीन वर्षांपूर्वीचा आपला फेटा घालून. आबा त्यांना म्हणाले, "त्येला सांग, दोघांचा मिळून काढ म्हणावं." तो म्हणजे मी, मोबाइल घेऊन दोन हातांवर उभा. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "दोघांचा मिळून काढ म्हणत्यात." मी काढला.

त्याला आता साडेतीन महिने झाले. काकांनी सेक्रेटरीपण सोडलं, तरी रोज संध्याकाळी आबा त्यांना घरून हाताला धरून आणतात आणि दोघं कट्ट्यावर बसतात. मी शनिवारी जातो. आबा माझ्याशी बोलत नाहीत. दोन वर्षं चालणार म्हणतात काका, तुझ्या बापाचं मोजमाप पक्कं असतंय.

नवं सॉफ्टवेअर सुरू झालंय. प्रत्येक अटीला कारण लिहायचं असा नियम मी करून घेतला आहे. एक बरोबर दोनवालं काम आम्ही बंद केलं, तर तिसऱ्या दिवशी त्या अधिकाऱ्यांची तक्रार आली की अहवाल मिळत नाही. साहेबांनी ते पुन्हा सुरू करायला लावलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'सवय'.

परवा कामावर असताना काकांचा फोन आला. दुपारची वेळ, आणि मागून म्हशीचा आवाज येत होता, म्हणजे आमच्या गोठ्यातून. मी विचारलं, काय काका, काही काम होतं? ते म्हणाले, माझं कसलं काम, असाच केलाय. मग फोनपासून तोंड लांब नेऊन कुणाला तरी म्हणाले, "बोल की तूच." बराच वेळ नुसती म्हैसच ऐकू येत होती. मग लांबून आबांचा आवाज आला, "जेवला काय, इचार त्येला."

"जेवलास काय?" काकांनी विचारलं.

समोर अर्जांचा गठ्ठा होता, वरच्या अर्जाचा क्रमांक मी अर्धा वाचून थांबलो होतो. डबा अजून उघडला नव्हता.

"जेवलो म्हणून सांगा," मी म्हटलं.